दिशा दाखविणारे नकाशे

मनुष्य राहतो एका ठिकाणी आणि त्याचे मन पुष्कळदा दुसऱ्याच ठिकाणाकडे तोंड करून बसलेले असते. सासुरवाशिणीचे मन माहेराकडे, सीमेवरच्या शिपायाचे घराकडे, वारकऱ्याचे पंढरीकडे लागलेले असते. अशा माणसाला त्याच्या आवडत्या ठिकाणाविषयी विचारले, तर तो बोलता बोलता हात उचलतो आणि म्हणतो, "ते तिकडे!" हा 'तिकडे' शब्द मोठा गोड आहे. त्यात ओढ आहे, आठवण आहे आणि अभिमानही आहे. परंतु उचललेला हात खरोखरच त्या ठिकाणाकडे असतो काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. विचारला, तर मात्र त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

मुंबईच्या पूर्व उपनगरांत, ठाण्याच्या खाडीच्या काठी, मानखुर्द नावाची वस्ती आहे. दक्षिणेस ट्रॉम्बेचा डोंगर, पूर्वेस तिवरांची झाडी व तिच्यापुढे खाडीचे पाणी, आणि पाण्यापलीकडे वाशी. पूर्वी हार्बर मार्गावरची गाडी येथे येऊन थांबत असे. ९ मे १९९२ रोजी खाडीवरच्या पुलावरून आगगाडी वाशीपर्यंत धावू लागली, आणि शेवटचे स्थानक वाटेवरचे झाले. येथे बाहेरून येऊन वसलेल्यांची संख्या मोठी आहे. कोणी कोकणातून आले, कोणी घाटावरून, कोणी मराठवाड्यातून, कोणी उत्तर प्रदेश वा बिहारमधून. काही कुटुंबे तर मुंबईतच एका जागेहून दुसऱ्या जागी आली. शहरातील रेल्वेच्या रुळांकाठच्या झोपड्या हलविल्या गेल्या, तेव्हा त्यांतील कित्येकांना येथील लल्लूभाई कंपाउंडच्या उंच इमारतींत घरे मिळाली. अशा वस्तीत प्रत्येक बिऱ्हाडाचे 'तिकडे' निराळे असते. साताऱ्याच्या माणसाचे आग्नेयेला, रत्नागिरीच्या माणसाचे दक्षिणेला, जालन्याच्या माणसाचे पूर्वेहून किंचित उत्तरेला, तर गोरखपूरच्या माणसाचे ईशान्येला.

ही ठिकाणे तशी जवळची आहेत. शाळेच्या भिंतीवरील नकाशात मानखुर्दपासून साताऱ्यापर्यंत पट्टी ठेवली आणि कोन मोजला, तर दिशा पुरेशी बरोबर मिळते. अडचण येते ती दूरच्या ठिकाणांविषयी. मानखुर्दमध्ये अनेक मुसलमान कुटुंबे राहतात. दिवसातून पाच वेळा ती नमाज पढतात, आणि त्या प्रत्येक वेळी त्यांचे तोंड मक्केतील काब्याकडे असावे लागते. या दिशेला किबला म्हणतात. मक्का मुंबईपासून सुमारे ३,४५० किलोमीटर दूर आहे. डोळ्यांना ती दिसणार नाही, आणि तेथवर पोहोचणारा सरळ रस्ताही नाही. मग चटई कोणत्या बाजूला अंथरावी? ही जिज्ञासा केवळ भूगोलाच्या वर्गातली नव्हे, तर एका माणसाच्या रोजच्या आचरणातली आहे, म्हणूनच तिला वजन आहे.

आपल्याकडे याचे एक सोपे उत्तर फार काळ चालत आले. मक्का पश्चिमेला, म्हणून तोंड पश्चिमेला करावे. हे उत्तर खोटे नाही, पण पुरतेही खरे नाही. मुंबई सुमारे १९ उत्तर अक्षांशावर आहे आणि मक्का साडेएकवीस अंशांच्या जवळपास. तेव्हा मक्का थोडी उत्तरेकडे सरकलेली असणार, हे उघड आहे. प्रश्न आहे तो किती सरकलेली, एवढाच.

एखादा विद्यार्थी जगाचा नेहमीचा नकाशा घेईल. हा नकाशा बहुधा गेरार्ड मर्केटर या भूगोलज्ञाने १५६९ साली योजलेल्या पद्धतीचा असेल. त्यावर मुंबई व मक्का यांना जोडणारी सरळ रेघ काढून मोजले, तर दिशा पश्चिमेपासून उत्तरेकडे सुमारे साडेचार अंश निघते. आता त्याच विद्यार्थ्याने पृथ्वीचा गोल घ्यावा आणि दोन्ही ठिकाणांवर बोटे ठेवून मध्ये एक दोरा ताणून धरावा. दोरा ताणला म्हणजे तो आपोआप सर्वांत जवळची वाट धरतो. तो अरबी समुद्र ओलांडतो, ओमानच्या किनाऱ्यावर चढतो आणि अरबस्थानचे वाळवंट पार करून मक्केला पोहोचतो. या दोऱ्याचा मुंबईजवळचा कोन मोजला, तर तो पश्चिमेपासून उत्तरेकडे सुमारे दहा अंश भरतो. नकाशा साडेचार म्हणतो, दोरा दहा म्हणतो. दोघांत खरे कोणाचे?

दोघेही आपापल्या परीने खरे आहेत. मर्केटरचा नकाशा दर्यावर्दी लोकांसाठी होता. होकायंत्राची सुई एकाच कोनावर ठेवून जहाज हाकीत राहिले, तर अखेर इच्छित बंदर गाठता यावे, एवढीच त्यांची मागणी होती, आणि ती त्या नकाशाने उत्तम रीतीने पुरविली. परंतु ती वाट सर्वांत जवळची नव्हे. 'अमुक ठिकाणाकडे तोंड करणे' म्हणजे त्या ठिकाणाकडे जाणाऱ्या सर्वांत जवळच्या वाटेवर दृष्टी ठेवणे, असा अर्थ घेतला, तर दोऱ्याचेच म्हणणे मानावे लागते.

येथवर आले की दुसरे एक नवल समोर येते. सपाट जमिनीवर दोन माणसे समोरासमोर उभी राहिली, तर एकाची दिशा दुसऱ्याच्या दिशेच्या बरोबर उलट असते. एकाला दुसरा उत्तरेला दिसला, तर दुसऱ्याला पहिला दक्षिणेला दिसतो. गोल पृथ्वीवर दूरच्या ठिकाणांच्या बाबतीत हा नियम मोडतो. मुंबईहून मक्का पश्चिमेपासून दहा अंश उत्तरेकडे आहे. मग मक्केहून मुंबई पूर्वेपासून दहा अंश दक्षिणेकडे असावी, असे कोणीही म्हणेल. पण हिशेब केला, तर मक्केहून मुंबई जवळजवळ थेट पूर्वेला, किंबहुना दीड अंश उत्तरेकडेच निघते. आणि हे मुंबई मक्केच्या दक्षिणेला असताना! जाण्याची दिशा आणि येण्याची दिशा या एकमेकींच्या केवळ उलट नसतात. कारण उत्तर ही प्रत्येक गावाची स्वतःची असते. रेखावृत्ते ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जातात, म्हणून मुंबईची 'उत्तर' आणि मक्केची 'उत्तर' समांतर नसतात.

या एका गोष्टीमुळे दिशेचे नकाशे दोन प्रकारचे झाले. पहिल्या प्रकारात एक ठिकाण मध्यभागी घेतात आणि तेथून इतर सर्व ठिकाणे कोणत्या दिशेला आहेत ते खरेखुरे दाखवितात. राजधानीच्या गच्चीवर उभे राहून राजाने चोहीकडे पाहावे, तसा हा नकाशा. असे नकाशे पुष्कळ आहेत आणि ते काढणेही फारसे अवघड नाही. परंतु मानखुर्दच्या माणसाला त्याचा उपयोग नाही. त्याला मक्केहून मुंबई कोठे आहे हे जाणून घ्यावयाचे नसते; त्याला आपल्या दारातून मक्का कोठे आहे हे हवे असते. त्याच्यासाठी दुसऱ्या प्रकारचा नकाशा पाहिजे. त्यावर जगातील कोणत्याही गावावर बोट ठेवावे, तेथून मध्यभागाकडे रेघ ओढावी, आणि त्या रेघेने त्या गावच्या उत्तरेशी केलेला कोन म्हणजेच तेथील खरी दिशा असावी. याला परतीच्या दिशेचा नकाशा म्हणता येईल. पहिला नकाशा मध्यबिंदूच्या डोळ्यांनी जग पाहतो. दुसरा जगातील प्रत्येक गावाच्या डोळ्यांनी मध्यबिंदूकडे पाहतो.

हा दुसरा नकाशा मिळविण्यासाठी मनुष्याने शतकानुशतके विचार केला आहे. अल् बिरूनी हा थोर विद्वान अकराव्या शतकात गझनी येथे होता. हिंदुस्थानविषयीच्या त्याच्या ग्रंथामुळे तो आपल्याला परिचित आहे. त्याने इसवी सन १०२५ च्या सुमारास शहरांची स्थाने निश्चित करण्याविषयी एक ग्रंथ लिहिला आणि त्यात गझनीचा किबला गणिताने काढून दाखविला. या गणिताचा आपल्या देशाशी एक जुना ऋणानुबंध आहे. त्यात लागणारी 'ज्या' आर्यभटासारख्या भारतीय ज्योतिर्विदांनी वापरात आणली. तिचेच नाव अरबी भाषेत जाऊन बदलले, तेथून लॅटिनमध्ये गेले, आणि आज शाळेत ती 'साइन' म्हणून परत भेटते. विद्येला सरहद्द नसते, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

पुढे सतराव्या शतकात इराणमध्ये पितळेच्या गोल तबकड्या तयार झाल्या. त्यांच्या मध्यभागी मक्का असून भोवती सुमारे दीडशे शहरे कोरलेली होती, आणि मध्यबिंदूवर फिरणारी एक पट्टी बसविलेली होती. पट्टी फिरवून आपल्या शहरावर आणावी, कडेवर दिशा वाचावी, आणि पट्टीवरच्या खुणांवरून मक्केचे अंतर वाचावे. हिशेब नको, पाटी नको, पेन्सिल नको. अशा तबकड्या १९८९ नंतर उजेडात आल्या आणि इतिहासकार चकित झाले. कारण ही युक्ती पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या आरंभी प्रथम सुचली, असा तोवर समज होता.

तो समज निर्माण होण्याचे कारण जेम्स आयर्लंड क्रेग. हा गणितज्ञ इजिप्तच्या सर्व्हे खात्यात कामाला होता. त्याने १९०९ साली मक्केचा नकाशा तयार केला. त्यात रेखावृत्ते सरळ, उभी आणि समान अंतरावर असतात; अक्षवृत्ते मात्र वाकलेली असतात. उभी रेघ म्हणजे उत्तर. त्यामुळे नकाशावरील कोणत्याही गावाहून मक्केपर्यंत पट्टी ठेवून उभ्या रेघेशी होणारा कोन मोजला, की किबला मिळतो. त्या नकाशावर मुंबई मक्केच्या उजवीकडे व पुरेशी खाली उतरलेली दिसते, आणि पट्टीचा कोन बरोबर दहा अंश भरतो. क्रेगच्याही आधी, १८३३ साली, योसेफ योहान फॉन लिट्रो या खगोलज्ञाने सुचविलेल्या एका प्रक्षेपणात हा गुण दडलेला होता. आणि १९१० साली जर्मनीच्या एर्न्स्ट हॅमर याने दिशेबरोबर अंतरही खरे दाखविणारा परतीचा नकाशा योजिला.

असे नकाशे दिसावयास सुंदर नसतात. देशांचे ओळखीचे आकार त्यांत ताणले जातात, मुरगळले जातात. नकाशा फार दूरवर वाढविला, तर तो स्वतःवरच दुमडतो आणि दोन निरनिराळी ठिकाणे कागदाच्या एकाच जागी येऊन बसतात. यात नकाशा काढणाऱ्याचा दोष नाही. मोसंब्याची साल काढून ती टेबलावर सपाट पसरू पाहावे. ती फाटते किंवा ताणली जाते. गोलाचा पृष्ठभाग न ताणता, न फाडता सपाट होऊ शकत नाही, हे गाउस या महान गणितज्ञाने १८२७ साली सिद्ध केले. म्हणून प्रत्येक नकाशा काहीतरी खरे सांगण्यासाठी दुसरे काहीतरी सोडून देतो. कोणी क्षेत्रफळ राखतो, कोणी आकार राखतो, कोणी जहाजाचा मार्ग राखतो. परतीच्या दिशेचा नकाशा रूप सोडून देतो आणि एकच वचन पाळतो, ते म्हणजे प्रत्येक गावाला त्याच्या इष्ट स्थळाची खरी दिशा सांगण्याचे.

हा विषय केवळ प्रार्थनेपुरता आहे, असेही कोणी समजू नये. १९२७ साली महाराष्ट्रातून इंग्लंडकडे बिनतारी संदेश पाठविण्याची नवी व्यवस्था सुरू झाली. पुण्याजवळ खडकी येथून संदेश सुटत आणि दौंड येथे तिकडून आलेले संदेश पकडले जात. या पद्धतीत विद्युत्‌लहरी चोहीकडे उधळून न देता दिव्याच्या झोताप्रमाणे एकाच दिशेला सोडावयाच्या असत. झोत सोडावयाचा तर दिशा अचूक हवी. सपाट नकाशावर विसंबले असते, तर इंग्लंडची दिशा उत्तरेपासून पश्चिमेकडे सुमारे एकोणसाठ अंश आली असती. गोलावरची खरी दिशा आहे सुमारे एकोणचाळीस अंश. वीस अंशांचा फरक! एवढ्या फरकाने झोत भलतीकडेच गेला असता. १९२९ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात रग्बी येथील बिनतारी केंद्राची खरी दिशा जगात कोठूनही सांगणारा तक्ता प्रसिद्ध झाला. भाविकाची आणि अभियंत्याची गरज शेवटी एकच ठरली. दोघांनाही दुरून एका जागेकडे बरोबर तोंड करावयाचे होते.

अमेरिकेत तर हा फरक डोळ्यांत भरण्याइतका मोठा होतो. नेहमीच्या नकाशावर मक्का वॉशिंग्टनच्या आग्नेयेला दिसते. परंतु गोलावर दोरा ताणला, तर तो ईशान्येकडे निघतो. १९५७ साली तेथे खुली झालेली मशीद ईशान्येकडेच तोंड करून उभी आहे. नकाशाचीच सवय झालेल्या डोळ्यांना ती प्रथम चुकल्यासारखी वाटते. वस्तुतः चुकलेली असते ती डोळ्यांची सवय.

अशा वेळी वाद होणे साहजिक आहे. वस्तीतील एखादा वृद्ध म्हणेल, "आमच्या वाडवडिलांनी सरळ पश्चिमेला तोंड केले, ते काय चुकीचे?" एखादा तरुण हातातील मोबाइलवर बाण दाखवून म्हणेल, "चाचा, दहा अंश उजवीकडे!" दोघांनाही थोडे थांबून विचार करता येईल. दूर राहणाऱ्याने शक्य तितक्या निष्ठेने त्या बाजूला तोंड करावे, यातच कर्तव्य पुरे होते, असे अनेक धर्मशास्त्रज्ञ मानत आले आहेत. वाडवडिलांची प्रार्थना दहा अंशांनी उणी झाली नाही. पण ज्याला खरी दिशा कळली, त्याने ती स्वीकारणे हाही श्रद्धेचाच एक भाग आहे. ज्ञानाने श्रद्धा लहान होत नाही, आणि श्रद्धेने ज्ञानाला कमीपणा येत नाही. अल् बिरूनीने आयुष्यभर हेच दाखवून दिले.

शिवाय ज्याच्याजवळ नकाशाही नाही आणि यंत्रही नाही, त्याची सोय निसर्गाने करून ठेवली आहे. दरवर्षी २८ मेच्या सुमारास आणि पुन्हा १६ जुलैच्या सुमारास मक्केत भर दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो. तेव्हा भारतीय घड्याळात मे महिन्यात दुपारचे २ वाजून ४८ मिनिटे आणि जुलै महिन्यात २ वाजून ५७ मिनिटे झालेली असतात. त्या क्षणी मानखुर्दच्या मैदानात एक काठी ओळंब्याने सरळ रोवून ठेवावी. तिची सावली काठीच्या उंचीच्या सुमारे तीनपंचमांश लांब पडेल. सावलीच्या टोकाकडून काठीच्या बुंध्याकडे पाहिले, की ती रेघ थेट मक्केकडे जाते. जुलैत पावसाचे ढग मुंबईकरांना ही संधी बहुधा देत नाहीत. मे महिन्यातील आकाश मात्र पुष्कळदा मोकळे असते. एक काठी, एक घड्याळ आणि थोडा संयम असला, की क्रेगच्या नकाशाचे उत्तर जमिनीवर उमटलेले दिसते. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. तो करण्यासाठी कोणत्याही एका धर्माचे असावे लागत नाही.

हेच भाग्य मुंबईच्याही वाट्याला येते. १५ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराच्या पुढे पाचेक मिनिटांनी सूर्य मुंबईच्या माथ्यावर येतो. मानखुर्दच्या पुलाजवळील खांबांच्या सावल्या तेव्हा त्यांच्या पायांशी लोपतात. त्याच क्षणी लंडनमध्ये सकाळचे आठ वाजून गेलेले असतात. तेथे राहणाऱ्या एखाद्या मराठी घरातील मुलाने खिडकीतून आपली सावली कोठे पडते ते पाहावे आणि तिच्या उलट बाजूला हात करावा. तो हात जवळजवळ थेट पूर्वेला जाईल, नकाशात दिसते तसा आग्नेयेला नव्हे. आजीचे गाव नेमके त्याच बाजूला असेल.

दिशा ही वस्तू अशी आहे. ती जशी स्थळावर अवलंबून असते, तशी पाहणाऱ्यावरही. केंद्रातून जग कसे दिसते, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. दूर काठावर उभ्या असलेल्या माणसाला केंद्र कोठे दिसते, हे त्याच्या जागी उभे राहिल्यावाचून कळत नाही. दोन्ही दृष्टी एकमेकींच्या केवळ उलट आहेत, असे धरून चालणाऱ्याची फसगत होते. ज्याला दुसऱ्याची दिशा जाणून घ्यावयाची आहे, त्याने प्रथम दुसऱ्याच्या उंबरठ्यावर जाऊन, तेथली उत्तर कोणती ते विचारले पाहिजे. परतीच्या दिशेचा तो वेडावाकडा नकाशा एवढीच एक गोष्ट मनोभावे करतो, आणि म्हणूनच तो, दिसावयास कसाही असला, तरी खरा आहे.